लिनक्सवर हार्ड डिस्क उघडत नाही? भोर-वेल्ह्यातल्या ग्राहकासाठी खर्चाचा हिशेब

विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप चांगले चालत असूनही मोडीत निघाले. त्यातले बरेच पुण्या-मुंबईहून गावी येतात. नसरापूर, भोर, किकवी, विंझर, वेल्हे, कुठे शिकणाऱ्या मुलांसाठी, कुठे वाचनालयासाठी, कुठे गणेश मंडळाच्या हिशेबासाठी. येण्याआधी कोणी जाणत्याने त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून दिलेलं असतं. हे चांगलंच आहे. परवान्याचा खर्च शून्य, आणि जुनं यंत्र आणखी काही वर्षं कामाला येतं.

अडचण सुरू होते ती बाहेरची डिस्क लावल्यावर. लग्नाच्या व्हिडिओची हार्ड डिस्क, तोरण्यावर ड्रोनने केलेल्या चित्रणाचं मेमरी कार्ड, शाळेच्या निकालांचा पेनड्राइव्ह. काही वेळा ‘अननोन फाइलसिस्टिम’ असा संदेश येतो, काही वेळा फाइली दिसतात पण नवी फाइल टाकू देत नाही, काही वेळा काहीच होत नाही. मग दुकान गाठलं जातं आणि तिथे फार वेळा एकच उत्तर मिळतं: करप्ट झालीय, फॉरमॅट मारावा लागेल. हा लेख त्या उत्तराला ‘हो’ म्हणण्याआधी वाचावा. यातल्या बहुतेक अडचणी फुकट सुटतात. जिथे पैसे लागतात तिथे ते कशाचे लागतात हे माहीत असलं पाहिजे.

खाली दिलेले भाव अंदाजाचे आहेत. मेमरी आणि डिस्कच्या किमती सध्या हलत्या आहेत, म्हणून घेताना दोन ठिकाणी विचारावं.

डिस्क बिघडलेली नसते, वाचता येत नसते

फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे याची नोंदवही. भोर संस्थानाचं जुनं दप्तर मोडी लिपीत आहे. ज्याला फक्त बाळबोध येतं त्याच्यासमोर ते ठेवलं तर त्याला एक ओळ लागणार नाही. पण म्हणून जमीन नाहीशी झालेली नसते आणि दप्तरही खोटं नसतं. फॉरमॅट करणं म्हणजे ते दप्तर फेकून कोरी वही उघडणं. जमीन जागेवर राहते, पण कोणता तुकडा कोणाचा हे सांगणारं कोणी उरत नाही.

पाच-सहा नावं लक्षात ठेवली की पुरे. फॅट३२ ही जुनी आणि सगळीकडे चालणारी. तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. एनटीएफएस ही विंडोजची, १९९३ पासूनची. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली. तिच्यात मोठ्या फाइली बसतात आणि ती विंडोज, मॅक, नवं लिनक्स अशी तिन्हीकडे चालते. ईएक्सटी४ ही लिनक्सची स्वतःची. एपीएफएस ही अॅपलची, मॅकवर २०१७ पासून. त्याआधी मॅकवर एचएफएस प्लस होती.

सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांसाठीही हेच लागू आहे. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात असलं तरी बॉस २००७ मध्ये तयार झाली ती त्यांच्या चेन्नई केंद्रात. ती डेबियन या लिनक्सवर बेतलेली आहे. दुकानदाराला बॉस हे नाव ओळखीचं नसेल तर ‘डेबियनसारखं समजा’ एवढं सांगितलं तरी त्याचं काम सोपं होतं. डेबियनवर चालणारा जवळजवळ प्रत्येक उपाय बॉसवर चालतो.

ज्याला जवळजवळ काहीच खर्च लागत नाही

सर्वात जास्त सापडणारी अडचण एक्सफॅटची आहे. कॅमेरा आणि ड्रोनमधली ६४ जीबी किंवा त्याहून मोठी कार्डं एक्सफॅटमध्येच येतात, कारण त्या जातीच्या कार्डांसाठी २००९ मध्ये तेच प्रमाण ठरलं. लिनक्सला मात्र ती वाचायचा अधिकृत मार्ग उशिरा मिळाला. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये एक्सफॅटचा तपशील खुला केला आणि २०२० मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.७ पासून चांगला आधार मिळाला. म्हणून उबुंटू २२.०४ किंवा डेबियन ११ आणि त्यापुढचं काही असेल तर कार्ड लावताच उघडतं. त्याआधीच्या लिनक्सवर ‘एक्सफॅट-फ्यूज’ नावाचं पॅकेज टाकावं लागतं. ते एक एमबीपेक्षाही लहान असतं, म्हणजे खर्च फक्त मोबाइल डेटाचा आणि तोही नगण्य. पाबे घाटातून पुढे केळद-मढे घाटाच्या बाजूला राहणाऱ्यांनी ते रेंज असलेल्या ठिकाणी आधीच टाकून घ्यावं. ऐन कार्यक्रमाच्या दिवशी त्यासाठी टेकडीवर जावं लागू नये. कर्नल कोणता आहे हे मिंटमध्ये ‘सिस्टिम इन्फो’मध्ये दिसतं.

दुसरी अडचण एनटीएफएसची: डिस्क उघडते, फाइली दिसतात, पण काही लिहू देत नाही. काही नव्या लिनक्समध्ये तर ती उघडायलाच नकार मिळतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं. विंडोजवर ती डिस्क इजेक्ट न करता ओढून काढलेली असते, किंवा विंडोज पूर्ण बंद न होता ‘फास्ट स्टार्टअप’मुळे अर्धवट झोपलेलं असतं. डिस्कवर ‘माझं काम अर्धवट राहिलंय’ अशी खूण उरते आणि लिनक्स ती खूण मानून हात आखडता घेतं. लिनक्सचं हे वागणं बरोबर आहे. त्यामुळे तुमच्या फाइली वाचतात. उपाय असा: डिस्क पुन्हा एखाद्या विंडोज संगणकाला लावायची, तिच्या प्रॉपर्टीजमधून ‘टूल्स’मध्ये जाऊन ‘एरर चेकिंग’ चालवायचं, मग नीट इजेक्ट करायची. शेजारच्या सायबर कॅफेत किंवा ई-सेवा केंद्रात हे करून घेतलं तर पंचवीस-पन्नास रुपयांचं काम आहे. मात्र या तपासणीआधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. फक्त वाचायला परवानगी असली तरी कॉपी करता येतेच.

इजेक्टबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वात जास्त नुकसान इथेच होतं. विंडोज १० च्या २०१८ अखेरच्या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी ‘झटपट काढा’ अशी रचना मुळातच चालू असते. त्यामुळे लोकांना डिस्क ओढून काढायची सवय लागली आणि बहुधा काही बिघडलं नाही. लिनक्समध्ये तसं नाही. तिथे कॉपीची पट्टी भराभर शेवटाला पोचते, पण फाइल अजून मेमरीत असते आणि डिस्कवर मागून उतरत असते. पट्टी संपली म्हणून डिस्क काढली तर फाइलचं नाव दिसतं आणि आत काही नसतं. एक्सफॅट आणि फॅट३२ मध्ये अर्धवट कामाची नोंद ठेवणारी जर्नल नसते, म्हणून तिथे धोका जास्त. इजेक्टवर टिचकी मारायची आणि ‘आता काढू शकता’ असं येईपर्यंत थांबायचं, मग चार मिनिटं लागोत की दहा.

तिसरी अडचण मराठी माणसालाच जास्त येते आणि तिच्याबद्दल कोणी सांगत नाही. विंडोजवर फाइलचं नाव २५५ अक्षरचिन्हांपर्यंत चालतं. लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ चीच आहे, पण ती बाइट्सची. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि यात काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. ‘ग्रामपंचायत’ या सहा अक्षरी शब्दाला ११ चिन्हं म्हणजे ३३ बाइट लागतात. म्हणजे पंचेचाळीस-पन्नास अक्षरांच्या पुढे गेलेलं नाव लिनक्स नाकारतं. ग्रामसभेच्या ठरावाचं, त्यातल्या विषयासकट आणि तारखेसकट लिहिलेलं नाव सहज एवढं होतं. मग शंभर फाइलींपैकी सत्त्याण्णव उतरतात, तीन राहतात, ‘फाइल नेम टू लाँग’ असा संदेश येतो आणि माणूस समजतो की डिस्क गेली. जिथे ती फाइल बनली त्या विंडोजवर नाव आखूड करून आणायचं, एवढंच काम असतं. उलट दिशेलाही एक अट आहे: लिनक्सवर नावात अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह चालतं, पण तीच फाइल एक्सफॅट किंवा एनटीएफएसच्या डिस्कवर टाकताना अडते.

डिस्क उघडली, फाइलही उघडली, पण मजकूर इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसतोय, असं असेल तर डिस्कचा काही दोष नाही. तो मजकूर युनिकोडच्या आधीच्या काळातला, श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. जुन्या पतसंस्था, शाळा, छापखाने यांच्या फाइलींत हे हमखास सापडतं. फॉन्ट रूपांतर करणारी मोफत साधनं मिळतात. यासाठी कोणी डिस्क दुरुस्तीचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

लग्नाची डिस्क: करार करतानाच बोला

फोटो-व्हिडिओवाल्याशी बोलणी होतात तेव्हा अल्बमची पानं, ड्रोन, प्री-वेडिंग सगळं ठरतं. डिस्क कोणत्या फॉरमॅटमध्ये मिळेल हे कोणी विचारत नाही. एक वाक्य वाढवा: ‘डिस्क एक्सफॅटमध्येच द्या.’ याला स्टुडिओला काही खर्च येत नाही आणि तुमचा पुढचा त्रास वाचतो.

कारण शहरातले बरेच एडिटर मॅकवर काम करतात आणि डिस्क मॅकच्याच पद्धतीची करून देतात. जुनी एचएफएस प्लस असेल तर लिनक्स ती सहसा वाचतं, लिहू मात्र देत नाही. एपीएफएस असेल तर साध्या लिनक्सवर ती उघडतच नाही. त्यासाठीची मोफत साधनं आहेत, पण ती घरच्या माणसाने बसवण्यासारखी नाहीत. अशा वेळी स्टुडिओकडेच परत जाऊन एक्सफॅटवर कॉपी मागावी. मोबदल्याचे शेवटचे पैसे देण्याआधी डिस्क आपल्या लॅपटॉपवर लावून दोन-तीन फाइली चालवून बघाव्यात.

व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेणाऱ्यांनी ४ जीबीची मर्यादा विसरू नये. तासाभराची चांगल्या दर्जाची फाइल सहज त्याहून मोठी होते, आणि फॅट३२ चा पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी ती घेणार नाही. दुसरीकडे भजनी मंडळाचा ट्रॉली स्पीकर आणि गाडीतला जुना म्युझिक सिस्टिम फॅट३२ शिवाय बहुधा काही ओळखत नाहीत. म्हणून गाण्यांसाठी लहान पेनड्राइव्ह वेगळा ठेवावा, ३२ जीबीपर्यंतचा, फॅट३२ केलेला. तीनेकशे रुपयांत तो प्रश्न कायमचा मिटतो. एकाच पेनड्राइव्हवर सगळं चालवण्याच्या हट्टापायी लोक तो पुन्हापुन्हा फॉरमॅट करत राहतात आणि कधीतरी चुकीचा फॉरमॅट होतो.

लिनक्समध्ये नवी डिस्क फॉरमॅट करताना ‘डिस्क्स’ या अॅपमध्ये पर्याय विचारले जातात. त्यात ईएक्सटी४ समोर ‘फक्त लिनक्ससाठी’ अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. डिस्क फक्त या एकाच लॅपटॉपला लागणार असेल तर ती उत्तम निवड आहे. इतर कुठेही जाणार असेल तर ‘अदर’मध्ये जाऊन एक्सफॅट निवडावी. ईएक्सटी४ ची डिस्क विंडोजला लावली की विंडोज थेट म्हणतं, ही वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. तिथे फार फाइली गेल्या आहेत. त्या चौकटीत ‘कॅन्सल’ दाबायचं. ‘लिनक्स रीडर’ नावाचं डिस्कइंटरनल्सचं मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर टाकलं की त्या फाइली वाचून बाहेर काढता येतात.

पैसे कुठे लागतात

सर्वात आधी केबल. लॅपटॉपचा जुना यूएसबी पोर्ट हार्ड डिस्कला पुरेशी वीज देत नाही, किंवा केबल आतून तुटलेली असते. अशी डिस्क लागते-सुटते, दिवा लुकलुकतो, लिनक्समध्ये चिन्ह येतं आणि जातं. नवी केबल दीडशे ते तीनशे रुपयांना मिळते, आणि दुरुस्तीवर खर्च करण्याआधी हाच पहिला प्रयोग करावा. पोर्टच्या आतलं प्लास्टिक निळं असेल तर तो बहुधा यूएसबी ३ चा असतो, तिथे लावावी. केबल आणि पोर्ट बदलूनही टिकटिक आवाज येत राहिला तर मात्र ताबडतोब डिस्क काढून ठेवायची. त्यानंतरचा प्रत्येक प्रयत्न डिस्क आणखी खरवडतो.

फॉरमॅट बदलायचाच असेल तर आधी सगळा माल दुसरीकडे ठेवायला हवा. फाइली जागच्या जागी ठेवून एनटीएफएसची एक्सफॅट करता येत नाही. यासाठी दुसरी डिस्क लागते, आणि या सगळ्यातला मोठा खर्च तोच: १ टीबीची साधी बाह्य हार्ड डिस्क साडेचार ते सात हजार, एसएसडी त्याहून बरीच महाग. माझ्या मते हा खर्च उपयोगाचा आहे, कारण काम झाल्यावर ती दुसरी डिस्क बॅकअप म्हणून घरात राहते. ते परवडत नसेल तर नात्यातल्या कोणाची डिस्क दोन दिवस मागून आणा.

वेळही धरा. यूएसबी २ वर ५०० जीबी उतरायला चार-साडेचार तास लागतात, यूएसबी ३ वर साधी हार्ड डिस्क असेल तर दीड तासाच्या आसपास. वेल्हे खोऱ्यात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. ज्या लॅपटॉपची बॅटरी टिकत नाही त्यावर जुलै-ऑगस्टमध्ये एवढी मोठी कॉपी लावू नये. लावायचीच तर एका वेळी एक फोल्डर घ्यावा.

दुकानात काम द्यायचं असेल तर फॉरमॅट आणि तपासणीला दोनशे ते पाचशे, डेटा उतरवून पुन्हा भरून देण्याला पाचशे ते हजार-बाराशे हा भोर-नसरापुरात वाजवी आकडा समजावा. पुण्यात तापकीर गल्ली आणि आसपासच्या पेठांत केबल, डिस्क थोडी स्वस्त मिळते, पण जाण्यायेण्याचा खर्च धरा. स्वारगेटला साध्या एसटीने भोरहून एका बाजूचं भाडं शंभरच्या आसपास, वेल्ह्याहून थोडं जास्त. महिलांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास आहे, म्हणून घरातून कोण जातंय यावरही हिशेब फिरतो. केवळ केबलसाठी पुण्याला जाण्यात अर्थ नाही.

पाचशे-सातशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह कुठे दिसला तर घेऊ नका. त्या किमतीत तेवढी मेमरी येत नाही. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि तिच्यावर खोटा आकडा चढवलेला असतो. भरत गेलं की जुन्या फाइली चुपचाप पुसल्या जातात, आणि ग्राहक दोष लिनक्सला देतो. लिनक्सवर ‘एफ३’ हे मोफत साधन खरी क्षमता मोजून देतं. घेतल्याच्या दिवशीच ते चालवावं, म्हणजे परत करण्याची मुदत हातात असते.

हे सगळं मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मोफत आहेत. शाळेतल्या एका शिक्षकाने आणि दोन मुलांनी ते केले तर त्या गावाला दर वेळी भोरला डिस्क घेऊन यावं लागणार नाही.

फॉरमॅट होऊन गेलं असेल तर

डिस्क जिथे आहे तिथे थांबवा आणि तिच्यावर एकही नवी फाइल टाकू नका. ‘क्विक फॉरमॅट’ झालं असेल आणि साधी हार्ड डिस्क असेल तर फाइली बऱ्याच अंशी परत मिळू शकतात. ‘फोटोरेक’ आणि ‘टेस्टडिस्क’ ही त्यासाठीची मोफत साधनं लिनक्सवरच चालतात. मात्र परत मिळवलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवायच्या, त्याच डिस्कवर नाही. फोटोरेकने काढलेल्या फाइलींची मूळ नावं मिळत नाहीत, हेही ठाऊक असावं. विंडोजचं पूर्ण फॉरमॅट झालं असेल, किंवा एसएसडी असेल आणि तिने मोकळी जागा आतून साफ केली असेल, तर आशा फार कमी.

पुण्यातल्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडे डिस्क धडधाकट असून फक्त नोंदी गेल्या असतील तर तीन ते दहा हजार लागू शकतात. आतले यांत्रिक भाग बदलावे लागले तर पंधरा हजारांपासून पुढे. तपासणीचे पैसे आधी घेतात का, फाइली न मिळाल्यास काही घेणार का, आणि मिळालेल्या फाइलींची यादी पैसे देण्याआधी दाखवणार का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत.

दुकानदाराने न विचारता फॉरमॅट केलं असेल तर ती सेवेतली त्रुटी आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तिची दाद मागता येते. पुण्यातच १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं तेव्हापासून ग्राहकाला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली गेली: पावती घ्या. इथे पावतीवर डिस्कचा सीरियल नंबर आणि ‘डेटा ठेवून दुरुस्ती’ हे शब्द लिहून घ्या. आधी दुकानदाराला लेखी पत्र, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार, तिथे न सुटल्यास पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क नाही, तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि ती ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, त्यामुळे पत्ता भरताना यादीत दोन्हींपैकी जे नाव दिसेल ते निवडावं आणि खाली गाव व पिनकोड स्पष्ट लिहावा.